एकटीची सोयरीक

१ सप्टेंबर, सोमवार

पोचले! भंडाऱ्याहून एसटीने अड्याळ, तिथून ऑटोने पिंपळटोली. ऑटोत मी, माझी बॅग, मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी आणि समोर दोन बायका. त्या पेटीत मशीन आहे की देव, यावर त्यांचा गाव येईपर्यंत वाद चालला होता. उतरता उतरता एकीने निकाल दिला, "देवच असन. म्हनून तं मांडीवर घेऊन बसली." मी हसून हो म्हणाले. खोटं काय त्यात?

तीन महिन्यांचं काम आहे. गावाची जैवविविधता नोंदवही करायची. शिवारात, तलावात, बांधांवर जे जे जगतं त्याचं नाव, त्याची ओळख आणि माणसांशी त्याचं नातं लिहायचं. नागपूरच्या कॉलेजात अकरा वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि मिळेल त्या व्यासपीठावरून एकच गोष्ट ओरडून सांगितली, की एकटा जीव असा जगात नसतो. माणसाच्या पोटात, कातडीवर, पापण्यांच्या मुळाशी कोट्यवधी बिऱ्हाडं आहेत आणि ती उठून गेली तर माणूस आठवडाभर टिकणार नाही. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन फिनेलने फरशी पुसायचे. इथे तरी माझं ऐकतील.

शकुनबाईंच्या घरी खोली मिळाली. मुलगा-सून पुण्याला, घरात त्या, एक गाय, अकरा कोंबड्या आणि वाघ्या कुत्रा. जेवायला भात, अंबाडीची भाजी आणि गाडग्यातलं दही. हे विरजण त्यांच्या सासूच्या हातचं, चाळीस वर्षं मोडलेलं नाही. मी त्यांना सांगितलं की या गाडग्यात तुमच्या घराण्यापेक्षा जुनं घराणं नांदतं आहे. त्या म्हणाल्या, "हाव पोरी, आन थे भांडत बी नाहीत."

खिडकीतून तलाव दिसतो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बगळे बसले आहेत. झोप छान लागेल.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज ग्रामसभा. मी जीव ओतून बोलले. म्हणाले, तुमच्या तळहाताएवढ्या कातडीवर अड्याळच्या बाजारात मावणार नाही एवढी वस्ती आहे. तिला विष घालाल तर स्वतःला घालाल. सभा गप्प झाली होती. त्या गप्प होण्याची चव मला चांगली ठाऊक आहे, पुढच्या वाक्याला टाळ्या येणार हे वक्त्याला आधी कळतं.

तेवढ्यात मागून एक बाई बोलली, "म्याडम, एवढी वस्ती आहे तं मंग घरकुलाच्या यादीत त्यायचं नाव कायले नाही येत?"

सगळी सभा हसत सुटली. सरपंचसुद्धा डोळे पुसत होते. त्यानंतर मी काय बोलले ते मलाच आठवत नाही.

ही रुखमा. साठीची, काटक, दात पानाने लाल. तलावावर जगणारी इथे अठरा घरं आहेत, त्यांच्यातली ही सगळ्यात जाणती. नोंदवहीसाठी हिलाच धरा, असं सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांनी! मी आले आहे पस्तीस पुस्तकं घेऊन, आणि धरायचं हिला.

धरीन. काम मोठं आहे, मी लहान होणार नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळपासून रुखमाबरोबर पाण्यात. पुस्तकांतून मी या तलावाचे बावीस मासे काढून आणले होते. तिने दुपारपर्यंत एकतीस सांगितले आणि त्यातले दोन मी उलटेपालटे करून पाहिले तरी ओळखू शकले नाही. कुठल्या गवतात कोण अंडी घालतं, देवधान, म्हणजे पाण्यातला रानभात, कुठे पिकलं की कोणता पक्षी येतो, बेशरमची झुडपं वाढली की काय मरतं, सारं ती पायांनी वाचते. एकदा म्हणाली, थांबा, आता बाम येईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा. हात पाण्यात सोडला. बाम आली, तिच्या बोटांमधून सुताच्या लडीसारखी फिरली आणि गेली. मी हात सोडला तर डबऱ्यात दगड पडावा तसं सगळं पांगलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

मग तिने सोयरिकीचं सांगितलं. या अठरा घरांत सून आली की तिची तलावातल्या एका जिवाशी सोयरीक लावतात. नवरी तांदळाच्या पिठाचा गोळा मुठीत घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहते, मागे तिच्या घरच्या पाच बायका तिचा पदर धरतात. जो जीव पहिल्यांदा तिच्या हाताला लागेल तो तिचा सोयरा. तो ती मारत नाही, खात नाही, रोज आपल्या ताटातला पहिला घास त्याला देते. रुखमाची सोयरीक मरळ माशाशी आहे, बेचाळीस वर्षांत तिने मरळ तोंडात घातलेली नाही. कोणाची कासवाशी, कोणाची शिंपल्याशी, एकीची तर देवधानाशी.

पदर कशाला धरायचा, मी विचारलं. म्हणाली, "पान्यातल्याले दिसलं पाह्यजे ना, का हिच्या मांगं मानसं हायेत."

शेवटी एक गोळा कोणाकडेही न बघता पाठीमागे पाण्यात टाकतात. तो कोणाचा, विचारलं तर म्हणाली, असाच.

एवढी सुंदर गोष्ट मी कुठल्याच ग्रंथात वाचली नाही. आणि खरं लिहायचं तर घरी येऊन मी रडले. जी गोष्ट मी आयुष्यभर भाषणातून मागितली ती या बाईला लग्नात आंदण मिळाली.

१३ सप्टेंबर, शनिवार

गुड्डीशी फोन. माझी लेक, नऊ वर्षांची. वरठीला वीरेंद्रकडे, म्हणजे तिच्या बाबाकडे असते. माझं काम आता असं गावोगावचं. तिला सांभाळते रिता, वीरेंद्रची धाकटी बहीण. लग्न केलं नाही तिने, शाळेत शिकवते. गुड्डीचा दात पडला. तो तिने आत्याला दिला. शाळेत नाच आहे, आत्याने झगा शिवला. ताप आला होता, आत्या रात्रभर जागली. तिला ताप आल्याचं मला आज कळतं!

रिता वाईट नाही. वाईट असती तर मला बोलता तरी आलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत गुड्डी माझ्याकडे येणार, एकटी, रिताशिवाय. यासाठी वीरेंद्रशी मी तीन दिवस भांडले आहे आणि जिंकले आहे. गुड्डीला मी हा तलाव दाखवीन. त्याआधी तलावात मला ओळखणारं कोणीतरी हवं.

म्हणून आज रुखमाला म्हटलं, माझी सोयरीक लावून दे. ती बराच वेळ पानाला चुना लावत बसली. मग म्हणाली की त्याला आपल्या घरच्या बायका लागतात, गावच्या चालत नाहीत. सासू आण, जावा आण. "आन नंदेले पयले. नंदेचा हात पयला लागते पदराले."

म्हणजे रिता. माझ्या सुखाच्या प्रत्येक दारात ती आधी उभी.

मी म्हटलं, राहू दे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

केली. कोणाला विचारलं नाही.

दुपारी बायका अड्याळच्या बाजाराला गेल्या होत्या. तलावाच्या दक्षिण कोपऱ्यात पळसाचं एक बुडालेलं खोड आहे, तिथे कोणी जाळं टाकत नाही. शकुनबाईंच्या डब्यातलं पीठ भिजवून गोळा केला आणि गुडघाभर पाण्यात एकटी उभी राहिले. पदर स्वतःच कमरेला खोचला.

अर्धा तास काही नाही. मासोळ्याही फिरकल्या नाहीत. मग तळहातावर काहीतरी येऊन बसलं, लहान मूल झोपेत हात ठेवतं तसं. वर काढलं. शिजलेल्या साबुदाण्यासारखं पारदर्शक, लिंबाएवढं, त्यातून माझ्या हाताच्या रेषा दिसत होत्या. डोकं नाही, तोंड नाही, वास नाही. मी बोट हलवलं तसं ते त्या बोटाकडे कलंडलं.

रुखमाने सांगितलेल्या कुठल्याही यादीत हे नाही. हे कोणाचंच सोयरं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "तू फक्त माझी. दुसऱ्या कोणाकडे जायचं नाही."

बरणीत घालून घरी आणलं. आज कितीतरी वर्षांनी मी गाणं म्हणत स्वयंपाक केला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आधी नुसत्या तलावाच्या पाण्याचा थेंब ठेवला. नेहमीची जत्रा. चपलेच्या आकाराचे जीव पळताहेत, हिरवे गोळे गरगरताहेत, घंटेसारखे काही देठावर उघडमीट करताहेत. त्या थेंबात माझ्या सोयरीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा सोडला.

तासाभराने थेंब रिकामा. मेलेले दिसायला हवे होते, कवचं, चिंध्या. काही नाही. धुतल्यासारखं पाणी.

आणखी एक. जगातल्या प्रत्येक जिवाच्या अंगावर दुसरे जीव राहतात. माशीवर, शेवाळावर, माझ्यावर. हिच्या अंगावर एकही नाही. मी चार वेळा रंग देऊन पाहिलं. इतकी एकटी वस्तू मी कधी पाहिली नाही.

अभ्यासकाला हा शोध आयुष्यात एकदाच लाभतो. नोंदवहीत लिहिणार नाही अजून. लिहिलं की रुखमा येऊन हिचंही नाव सांगेल.

२१ सप्टेंबर, रविवार

बरणीत नुसतं पाणी उरलं आहे. विरघळली असेल म्हणून वाईट वाटलं. मग अंघोळ करताना पाहिलं, उजव्या तळहाताच्या रेषांमध्ये चकाकी आहे. पुसून जात नाही. दुखत नाही. गार वाटतं, बरं वाटतं.

आणि मला डास चावत नाहीत! शकुनबाई अंगणात स्वतःला थपडा मारत बसतात, माझ्या खाटेभोवती मात्र शांतता. माझ्या गुळाच्या डबीला मुंगी नाही. शकुनबाई म्हणाल्या, "काय लावते वं अंगाले? मले बी दे." मी म्हटलं, माझी सोयरीक आहे. त्या गमतीवर हसल्या.

कोणाला तरी मी इतकी आवडते की तिला माझ्याजवळ दुसरं कोणी खपत नाही. असं कधी कोणाला वाटलंच नव्हतं माझ्याबद्दल.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दही लागलं नाही. सलग तिसरा दिवस. दूध जसंच्या तसं, नासतही नाही. चाळीस वर्षांचं विरजण गेलं. शकुनबाई गाडगं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारणीकडचं विरजण आणलं, तेही गेलं. मला म्हणाल्या की पोरी, तू गाडग्याला हात लावला होता का. लावला होता. सोमवारी, दही वाढून घ्यायला.

वाघ्या माझ्या खोलीसमोरून जात नाही. वळसा घालून जातो.

इडलीचं पीठ भिजवलं होतं, फुगलं नाही. पाण्यात पीठ, बस.

मला कारण कळतं आहे. अकरा वर्षं शिकवलं आहे मी. कळतं आहे आणि तरी मन म्हणतं, योगायोग.

३० सप्टेंबर, मंगळवार

माझ्याकडे जंतू वाढवून पाहायच्या जेलीच्या बशा आहेत. डाव्या हाताचा, उजव्या हाताचा, जिभेचा, काखेचा ठसा घेतला. तुलनेसाठी शकुनबाईंच्या हाताचाही घेतला. दोन दिवस उबेला ठेवल्या.

शकुनबाईंची बशी बागेसारखी फुलली आहे. पिवळे, पांढरे, गुलाबी ठिपके.

माझ्या चारही बशा कोऱ्या.

पोटात भात राहतो, पचत नाही. तीन किलो वजन उतरलं. ज्यांच्या जोरावर मी जेवते ती बिऱ्हाडं उठून चालली आहेत. उठवली जात आहेत. व्यासपीठावरचं माझंच वाक्य मला आठवडाभराची मुदत देऊन उभं आहे.

अकरापैकी आठ कोंबड्या उरल्या.

२ ऑक्टोबर, दसरा

बायका सोनं द्यायला आल्या. आपट्याची पानं. मी हात मागे घेत होते, एकीने हट्टाने उजव्या हातावर ठेवलीच. सगळ्यांसमोर त्या पानांचा हिरवा रंग उतरला. कडेपासून आत. शेवटी काचेच्या कागदासारखी शिराजाळी राहिली.

त्या चपला घालून निघून गेल्या. रुखमा तेवढी दारात थांबली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कवा केली?"

मी सांगितलं.

३ ऑक्टोबर

रुखमा आज अंगणात आली, लांब बसली. रागावली नाही, ते जास्त लागलं. तिने सांगितलं तसं लिहिते.

तो पाठीमागे टाकायचा गोळा हिच्यासाठीच. जुन्या बायका सांगायच्या, तलावात सगळ्यांना सगळे आहेत, हिला कोणी नाही. हिला स्वतःचा गुण नाही. हात देईल त्याचा गुण हिला लागतो. रुखमाच्या आजेसासूच्या काळात एका हसऱ्या पोरीला हीच लागली होती, पाच जणींनी पदर धरलेला असताना. त्या पोरीचं घर कायम पाहुण्यांनी भरलेलं राहिलं म्हणे. पण एकटीनं हात दिला तर ती समजते की हिलाही कोणी नाही. मग ती खरोखरच कोणी राहू देत नाही.

"तुह्या मनात तवा काय होतं वं, पान्यात उभी होती तवा?"

मी नखाने अंगणातली माती उकरत राहिले. सभा गाजवणारी मी! माझ्या मनात रिता होती. रुखमा होती. माझी असायला हवी होती ती प्रत्येक वस्तू आणि ती ज्याच्याकडे आहे तो प्रत्येक माणूस.

उपाय आहे. घरच्या पाच बायकांनी पदर धरायचा, तिला दाखवायचं की माझ्यामागे माणसं आहेत. मग ती सुटते. पहिला हात नणंदेचा. पदराला धरलं तर त्यांना बाधत नाही, अंगाला लावायचा नाही हात.

गुड्डी अठरा तारखेला येते. पंधरा दिवस आहेत.

५ ऑक्टोबर

रिताला मेसेज लिहिला. "ये. मला तुझी गरज आहे." तीन वेळा लिहिला, तीन वेळा पुसला. ती येईल, लगेच येईल, तेच तर. येईल, माझा पदर धरेल, मला वाचवेल, आणि मग गुड्डी जन्मभर म्हणेल की आत्याने आईलासुद्धा वाचवलं.

उद्या आधी स्वतः करून बघते. मी शिकलेली बाई आहे.

६ ऑक्टोबर

पळसाच्या खोडापाशी गेले. हात पाण्यात धरला आणि म्हणाले, जा. गेली नाही. पाणीच बदललं. हातभर अंतरावर मासोळ्या उलट्या होऊन वर आल्या, मग दोन हातांवर, मग मोठ्या मरळी. मी पळून बाहेर आले तोवर एका घराएवढी जागा पांढरी झाली होती. पोटं वर.

पाळीवर अठरा घरांच्या बायका उभ्या. रुखमा पाण्यात उतरून एक मरळ दोन्ही हातांत धरून बसली. तिची सोयरी. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मला पाळीवर यायला बंदी.

आणि मी काय विचार केला? ती मरळ मेली तरी रुखमाची होती, असं मनात आलं. हे मी लिहिते आहे, कारण लिहून ठेवलं नाही तर विसरल्याचं सोंग करीन.

१० ऑक्टोबर

शकुनबाईंना शेजारचे लोक घेऊन गेले. आधी अड्याळ, तिथून भंडाऱ्याच्या दवाखान्यात.

परवा मला ताप नव्हता, पण मी थरथरत होते म्हणून त्यांनी कपाळावर हात ठेवला. मी नको म्हणेपर्यंत ठेवला. "पोरगीच हायेस ना वं मले," म्हणाल्या. दोन दिवसांत त्यांच्या पोटात पाणी ठरेना. तळहात पांढरा, गुळगुळीत, जसा कधी कामच केलं नाही.

म्हणजे माणसंही.

गुड्डी.

११ ऑक्टोबर

वीरेंद्रला फोन. म्हटलं, गुड्डीला आणू नकोस. त्याने विचारलं, का. आजारी आहे म्हटलं. तो म्हणाला की मग रिता येते सोबत. मी ओरडले, रिता नको! तोंडातून गेलं. तो हसला, थकल्यासारखा. म्हणाला, तीन दिवस भांडलीस तेव्हा पोरगी हवी होती, आता नको, तुझा खेळ कळतो मला, तिचं मन मोडणार नाही मी.

रिताला फोन करायला हवा. सगळं सांगायला हवं.

उद्या.

१३ ऑक्टोबर

आज नाही झालं. उद्या नक्की.

१५ ऑक्टोबर

उजव्या हातात पेन धरवत नाही. हात पारदर्शक. दिव्यासमोर धरला तर हाडंही दिसत नाहीत, फक्त उजेड. डाव्याने लिहिते.

गाय सोडून नेली कोणीतरी. बरं केलं. रुखमा अंगणाबाहेर पेज ठेवून जाते. पचत नाही, पण ठेवते. आज लांबून ओरडून विचारलं तिने, नंदेले सांगतलं का. मी हो म्हणाले.

खोटं बोलले.

१६ ऑक्टोबर

रिताला फोन लावला. तिने उचलला, "वहिनी?" म्हणाली. मागे गुड्डी गात होती. दोघी मिळून गात असाव्यात, कारण रिताच्या श्वासातही तीच चाल होती.

फोन ठेवला.

कोणाचा मत्सर हा? माझा की माझ्या हातातल्या सोयरीचा? माझाच. तिने माझ्याकडून घेतला, आता मला परत शिकवते आहे. माझ्यापेक्षा जास्त मन लावून—

१७ ऑक्टोबर

आवाज बसला. कुजबूज फक्त. फोन निकामी, त्याची काच माझ्या बोटांना ओळखत नाही. चिठ्ठी लिहून अंगणाबाहेर फेकली रुखमासाठी: अड्याळच्या एसटी स्टँडवर थांब, पोरीला परत पाठव.

पाऊस आला. चिठ्ठी तिथेच भिजते आहे. दिसते खिडकीतून.

१८ ऑक्टोबर

दार आतून लावलं. कडी. मागे पाटा टेकवला.

एसटी साडेबाराला अड्याळला येते.

—

आल्या, रिताही सोबत. गुड्डीचे पाय. धावत. दारावर थापा. आई, आई. उघड.

फटीशी तोंड लावून म्हणाले, जा. ऐकू गेलं नाही तिला. रिताला गेलं. ती फटीशी बसली. सांगितलं मी. सगळं. तलाव, पदर, शकुनबाई. तिच्याबद्दल मनात काय होतं तेही. वाटलं हसेल. वाटलं वेडी ठरवेल.

ती म्हणाली, "वहिनी, मी आहे ना. पहिला हात माझा."

रुखमाला शोधून आणते म्हणाली. आईला, काकूंना फोन करते, संध्याकाळपर्यंत पाच जणी होतील. दार उघडू नका तोवर. गुड्डीला मी नेते लांब.

वाचले. देवा, वाचले. संध्याकाळपर्यंत फक्त. बसून राहायचं. चार-पाच तास.

—

गुड्डी जात नाही. रडते. आईला बघायचं म्हणते.

रिता काहीतरी म्हणाली तिच्या कानात. एकच वाक्य. थांबलं रडणं. एका वाक्यात. माझ्या अकरा वर्षांच्या भाषणांत असं वाक्य—

काय म्हणाली ती?

खिडकीतून दिसताहेत. रिताने कडेवर घेतलं. नऊ वर्षांची पोर कडेवर. गुड्डीने तिच्या मानेत तोंड खुपसलं. म्हणाली— नीट ऐकू आलं मला— "आत्या, मला इथे नाही राहायचं. घरी चल."

बरोबर आहे. घाबरली आहे लहान ती. जाऊ दे. जाऊ दे तिला. जाऊ दे

पाटा सरकला आहे. मी नाही सरकवला. मी इथे, डाव्या हातात पेन, लिहिते आहे. उजवा हात

कडीवर.

नाही. नाही. संध्याकाळपर्यंत. पाच जणी येतील, संध्या—

निघाली कडी. ऊन किती आहे अंगणात. गुड्डीने वळून पाहिलं. हसली. हात पुढे केला तिने. रिता ओरडते आहे, मागे सरते आहे, पोरीला पाठीशी घालते— माझ्या पोरीला— माझ्यापासून— एवढंच, नुसती बट सारते कपाळावरची, डोळ्यांत जाते आहे तिच्या, आईने एवढं तर